थोरलीचा उघडा पत्ता

थोरलीला सगळं सहन व्हायचं, धाकटीच्या फोनची टिंग तेवढी सहन व्हायची नाही.

दोघी जावा. थोरली वरच्या मजल्यावर, धाकटी खाली, आणि स्वयंपाकघर दोघींत एक. थोरली जुन्या पुस्तकांची बांधणी करायची. फाटकी पानं पातळ कागदानं सांधायची, उसवलेली शिवण नव्यानं घालायची. तिच्या खोलीला सदा खळीचा वास. धाकटी मातीचे कप आणि वाडगे करायची. दोघींनी आपापलं काम इंटरनेटवर मांडलं होतं. धाकटीनं आपलं पान स्वतःच बनवलं होतं. थोरलीचं पान करून दिलं होतं नणंदेनं. वेबसाइट बनवणं हा तिचा धंदाच होता.

जेवायला बसलं की धाकटीचा फोन सुरू व्हायचा. वाढताना टिंग, ताटं उचलताना टिंग. "ईमेल," असं म्हणून धाकटी फोन पालथा घालायची, आणि त्या पालथ्या घालण्यातसुद्धा थोरलीला मिजास दिसायची. तिचा स्वतःचा फोन आठवडेच्या आठवडे मुका. कधीतरी एखादं पत्र यायचं, आजोबांचा शब्दकोश बांधून द्याल का, असलं काहीतरी. बस्स.

"तुझं काम उत्तम आहे, तुला काय कमी आहे?" नवरा म्हणायचा.

"मग ते तिच्याच दारात का जातात सगळे?"

एके दिवशी तिनं स्वतःचं पान गिऱ्हाइकाच्या डोळ्यांनी पाहिलं. ईमेलचा पत्ता कुठंच नाही! नुसतं एक बटण, 'मला लिहा'. मग धाकटीचं पान उघडलं, तर खाली पत्ता कसा ठसठशीत. थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला. नणंद घरी आली, तसं तिनं तिला जिन्यातच गाठलं.

"माझा पत्ता दडवून ठेवलास तू."

"दडवला नाही वहिनी, झाकलाय," नणंद हसून म्हणाली. "अहो, रात्रंदिवस पानं चाळत फिरणारे प्रोग्रॅम असतात. पत्ता दिसला की उचलायचा आणि फालतू जाहिराती पाठवणाऱ्यांच्या हवाली करायचा, एवढंच त्यांचं काम. माणसानं बटण दाबलं की तुमचा पत्ता दिसतो. ते प्रोग्रॅम बटण दाबत नाहीत, म्हणून त्यांना दिसत नाही."

"मग तिचा का नाही झाकलास?"

"तिनं मला कुठं विचारलं?"

"ते काही नाही. तिच्यासारखा लिही. मोठा, ठळक."

नणंदेनं समजावून पाहिलं आणि शेवटी हात टेकले.

थोडे दिवस काहीच घडलं नाही. मग एका जेवणात थोरलीचा फोन बोलला. पुढच्या जेवणात पुन्हा. लवकरच दोन्ही फोन जुगलबंदी करू लागले. थोरली आता फोन ताटाशेजारी उताणा ठेवायची. धाकटीची नजर तिकडे गेली की थोरलीच्या जिवाला गारवा मिळायचा.

वर जाऊन मेल उघडले की मात्र तोंड उतरायचं. कुणी तिला न काढलेल्या तिकिटावर सोडतीचं बक्षीस देत होतं, कुणी केसांचं तेल विकत होतं, आणि जिथं तिचं खातंच नव्हतं अशी एक बँक तिच्यावर भलतीच रागावली होती. खळीच्या बोटांनी ती मूठमूठभर मेल पुसून टाकायची. हे ती कुणाला बोलली नाही. बोलणार तरी कोणत्या तोंडानं?

मग कागदाच्या दुकानात तिच्या ओळखीच्या एक ग्रंथपालबाई भेटल्या.

"रागावलात का माझ्यावर?" त्यांनी विचारलं.

"मी? कशाबद्दल?"

"तुम्हाला दोनदा लिहिलं. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी आयुष्यभर हातानं रंगवलेली पानंफुलं आहेत, त्यांचा ग्रंथ बांधायचा होता. तुमचं उत्तर नाही, म्हणून शेवटी दुसऱ्याकडे दिला."

असं काम बांधणीवाल्याच्या हाती जन्मात एखाद्या वेळी येतं. थोरली घरी धावली. एक पत्र नको असलेल्या मेलच्या ढिगात पडलं होतं. दुसरं, तेलाच्या दोन जाहिरातींमधलं, तिनंच पुसून टाकलं होतं. ती तशीच तरातरा खाली गेली.

"तुझ्यापायी झालं हे सगळं!"

धाकटीचे हात चिखलात होते. तिनं सगळं ऐकून घेतलं, हात पुसले आणि आपला फोन पुढं केला. तीच सोडत. तेच तेल. बँकसुद्धा तीच.

"ताई, कित्येक दिवसांत माझ्याकडे एक खरं पत्र आलं नाही."

"मग ईमेल, ईमेल म्हणून मिरवायचीस कशाला?"

"मग काय सांगू, तेलवाला आलाय म्हणून?" धाकटीचा आवाज चिरकला. "तुम्हाला पत्र आलं की तुम्ही भाऊजींना मोठ्यानं वाचून दाखवायचात. मला खालपर्यंत ऐकू यायचं. इथं बसून जळायचे मी."

हे ऐकून थोरलीला इतकं बरं वाटलं, की हातचा ग्रंथ गेल्याचं दुःख घटकाभर मागं सरलं. मग ते परत आलं.

नणंदेनं दोघींना समोर बसवलं. "एकदा जाहिरातवाल्यांच्या हाती पडलेला पत्ता आता झाकून उपयोग नाही," ती म्हणाली, "नवाच काढावा लागेल." दोघींना नवे पत्ते मिळाले, दोन्ही झाकलेले. धाकटीचं पानही नणंदेनं नव्यानं करून दिलं. त्याचे रंग तिनं जरा जास्तच छान जमवले, असं थोरलीला वाटलं. ग्रंथपालबाईंना तिनं माफीचं पत्र लिहिलं. त्यांचं गोड उत्तर आलं: ग्रंथ बांधून झालाय, बघायला या.

दोघी जावा मिळून गेल्या. ग्रंथ काचेखाली उघडा ठेवला होता. थोरलीनं वाकून शिवण पाहिली, कोपरे पाहिले, कापडाची दुमड पाहिली. कुठंतरी खोट निघावी म्हणून जीव तळमळत होता. एकही निघेना.

"तुमच्या हातची सर नाही त्याला," धाकटी हळूच म्हणाली.

"गप गं. माझ्याहून सरस आहे," थोरली म्हणाली, आणि हे म्हणताना तिच्या तोंडाला कडू चव आली. "पाठ बघ कशी गोल बसवलीय मेल्यानं."

धाकटीला त्यातलं काही कळलं नाही, तरी ती तिच्या शेजारी वाकून बघत राहिली.