वाफेचं विमान आणि माझं पत्रक

त्या पत्रकात एक वाक्य होतं, ते मी लिहायला नको होतं.

तेव्हा मी चेन्नईत गाड्यांच्या सुट्या भागांची ड्रॉइंग्ज करायचो आणि सुट्टीच्या दिवशी कॉलेजांच्या दारात पत्रकं वाटायचो. आमचा पाच-सहा जणांचा गट होता. म्हणणं एकच: गाडी कशी असावी हे रस्त्यावरचा माणूस ठरवत नाही, सैन्याची मागणी ठरवते. ज्या इंजिनाला लष्कर पैसे देतं ते मोठं होतं, बाकीची भंगारात जातात. आजही माझं मत हेच आहे. त्यात मला काडीचा बदल करावासा वाटत नाही.

तिरुवल्लिकेणीत एका मॅन्शनमध्ये, म्हणजे एकट्या नोकरदारांच्या लॉजमध्ये, माझी खोली होती. एकदा मागच्या गल्लीतून जाताना एका दारातून चक्क मराठी ऐकू आलं.

"हात नको लावूंस, भाजेल!"

"माझाच स्टोव्ह, आणि मींच हात नको लावूं?"

मी थबकलो आणि आत डोकावलो. असे मला मामा-मामी भेटले; नात्याचे नव्हेत, मीच तसं म्हणू लागलो. तंजावरकडचे, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखातले. मराठी जुनी, तिला तमिळ हेल. मामांनी रेल्वेच्या वर्कशॉपात आयुष्यभर वाफेच्या इंजिनांचे बॉयलर दुरुस्त केले होते. वाफ गेली, त्यांना डिझेलच्या वर्गात बसवलं, मग निवृत्ती आली. पण वाफ हरली हे त्यांना मान्य नव्हतं. मामींचा रॉकेलचा स्टोव्ह पळवून त्यांनी त्याचा बर्नर केला होता. त्यावर तांब्याच्या बारीक नळीचं वेटोळं, एका टोकातून पाणी आत, दुसऱ्या टोकातून वाफ बाहेर. त्या वाफेवर पंखा फिरवून त्यांना एक विमान उडवायचं होतं. माणूस बसेल एवढं नव्हे. पंख पसरले तर दाराच्या चौकटीतून तिरकं करून न्यावं लागे, एवढं.

"वाफेला कुणी पैसेच दिले नाहीत, मामा," मी म्हणालो. "पेट्रोलला युद्धानं दिले. वाफ लोकांची होती."

"पो तंबी! जा रे पोरा! पहिली वाफेची गाडी कशाला केली ठाऊक आहे? तोफ ओढायला. फ्रान्सच्या राजानं करवली. तुझ्या पत्रकांत नै वाटतं तें?"

नव्हतं.

उन्हाळ्यात शहराबाहेर शोळिंगनल्लूरमागच्या एका कोरड्या तळ्यात एका रविवारी सकाळी ते उडालं. रिमोट मामांच्या हातात, पाण्याचा डबा माझ्या. दोन फेऱ्या. विमान बरोबर डोक्यावर होतं तेव्हा मामा नेहमीच्या आवाजात म्हणाले, "वर बघ गे," आणि पलीकडे छत्री धरून उभ्या असलेल्या मामींनी वर बघितलं. इतकं शांत. पंख्याची तेवढी फडफड. मामींनी पदर डोळ्यांना लावला आणि वर म्हणाल्या, "माझा स्टोव्ह उडतोय!"

उतरताना ते नाकावर आपटलं. वेटोळं चेपलं.

आता दुसरं करायचं तर ती नळी न चिरता, न चेपता गोल वळवावी लागे, आणि मामांचे हात थरथरायला लागले होते. तीन नळ्या त्यांनी वाया घालवल्या. तिसरी टाकून दिली. विमान परत उडणार की नाही, एवढाच प्रश्न उरला.

मी मला जे येतं ते केलं. पत्रक काढलं. 'वाफेच्या विमानाला हात हवेत' असं इंग्रजीत आणि तमिळमध्ये. खाली ठसठशीत अक्षरांत घातलं: 'डोक्यावरून गेलं तरी कुणाला कळत नाही!' एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या दारात वाटलं. मदतीला विद्यार्थी येतील असं वाटलं होतं.

आला तो संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेतला एक अधिकारी. साधा चौकडीचा शर्ट, नम्र बोलणं. मामींच्या हातची कॉफी त्याने मागून पुन्हा घेतली. त्याच्याकडे माझं पत्रक होतं आणि त्या एका वाक्याखाली लाल रेघ होती.

कारखाना देऊ, कुशल कारागीर देऊ, तो इंग्रजीत सांगत होता. फक्त बाहेर उडवायचं नाही, कुणाला दाखवायचं नाही.

मी उसळलो. "हेरगिरीला हवंय तुम्हाला!"

"तंबी, बस," मामा म्हणाले. "तुझ्या कंपनीचे भाग कुठल्या ट्रकांत जातात तें मीं विचारलं कां कधीं?"

मी बसलो. त्या महिन्यात माझ्या टेबलावर सैन्याच्या ट्रकचाच एक भाग होता. मामांना ते मीच सांगितलं होतं.

मामांनी अधिकाऱ्याला एकच विचारलं. "बॉयलर राहील?"

त्याने कप खाली ठेवला. माणूस खोटं बोलला नाही, हे मला कबूल केलं पाहिजे. म्हणाला, "सांगता येत नाही, सर. बॅटरीवर तेवढंच शांत होत असेल तर वाफ कशाला?"

मामांनी चेपलेल्या वेटोळ्यावरून बोट फिरवलं. मग नको म्हणून त्यांनी हात जोडले. तो गेला.

मी टाळी द्यायला हात पुढे केला. मामांनी बघितलंसुद्धा नाही.

"खूष कशाला होतोस? त्यांना माझं विमान नको होतं. त्याचा गप्पपणा हवा होता. तुला तरी विमान कुठं हवं होतं? पत्रकाला विषय हवा होता. आतां नळी कोण वळवील, तूं?"

लागलं. फार लागलं. पुढच्या रविवारी पत्रकं खोलीतच ठेवून मी त्यांच्या दारात उभा राहिलो.

नळीत बारीक वाळू ठासून भरायची, टोकं बंद करायची, मग वळवायची, म्हणजे चेपत नाही. मामा स्टुलावर बसून सांगत, मी वळवायचो. "हळू रे! घोषणा देतोस कां?" मामी आतून म्हणत, "शिव्या पुरे, त्याला आधीं जेवूं द्या." पावसाळा संपेपर्यंत मी किती नळ्या बिघडवल्या ते विचारू नका. तळं पुन्हा कोरडं पडलं तेव्हा कुठे एक वेटोळं जमलं.

ते उडालं. एकच फेरी, पण पुरी. फक्त माझा एक सांधा गळका निघाला. विमान वर चढलं तशी त्यातून अशी शिट्टी सुरू झाली की पलीकडच्या सॉफ्टवेअर कंपनीचे पहारेकरी फाटकाबाहेर धावत आले. मामींनी कानांवर हात ठेवले.

"मामा, घरी गेल्यावर लगेच नीट करतो," मी ओरडून म्हणालो. ओरडावंच लागत होतं.

रिमोटवरची त्यांची बोटं थरथरत होती आणि ते हसत होते.

"राहूं दे," ते म्हणाले. "आतां कोणी येत नै मागायला."