खांद्याच्या मापाची रायफल

लाकूड गिरणीत आयुष्यभर फळ्या उचलून व्हर्ना हॉगस्टॅडचा उजवा खांदा कामातून गेला होता. अमेरिकेतल्या मोंटानात तिच्या कोकरांवर कोयोट, म्हणजे तिकडचे कोल्हे, टपलेले, आणि वारलेल्या नवऱ्याची लांब, जड रायफल तिला पेलेना. यंदाही कोकरं गेली, तर कळप मोडावा लागणार होता.

बंदुकांच्या दुकानात दुकानदार ऑरिनने भाग बदलता येणारी अर्धस्वयंचलित रायफल काढली, गोळीचं चेंबर रिकामं असल्याचं दाखवलं आणि मगच तिच्या हाती दिली.

"हिच्यावर टॉर्च बसतो, तिवई बसते..."

"नाताळचं झाड सजवायचंय का मला? खांद्याचं बोल."

"मग डोळे मिटून खांद्याला लाव, म्हातारे. आता उघड. लाल ठिपका दिसतो?"

नेम धरायच्या काचेत काहीच दिसेना. ऑरिनने दोन पिना ढकलून वरचा अर्धा भागच उतरवला, हलक्या नळीचा दुसरा बसवला. मग खांद्याला टेकणारा दस्ता आत सरकवून आखूड केला.

"पुन्हा."

तिने डोळे उघडले. काचेच्या मधोमध लाल ठिपका स्थिर होता. मान वाकली नव्हती, खांदा ठणकला नव्हता. गिरणीतल्या प्रत्येक यंत्रापुढे तीच वाकत आली होती. हे यंत्र तिच्यासाठी आखूड झालं होतं.

"टॉर्च?" ऑरिनने विचारलं.

"गप रे," ती हळूच म्हणाली. "जरा धरू दे."