उस्तादांचा खटका

त्या गल्लीत उस्ताद म्हटलं की एकच. ही पदवी त्यांना कुणी दिली याची चौकशी करण्यात अर्थ नाही. ती त्यांनी स्वतःच घेतली होती आणि इतकी वापरली होती की लोकांनाही तिची सवय झाली. ते हाताने घडीचे चाकू बनवत. जागा दोन खोल्यांची. पुढच्या खोलीत भट्टी, ऐरण, वस्तू घट्ट धरणारा वाईस आणि घासायचं चाक. मागच्या खोलीत संसार. पुढचा धूर मागे जायचा आणि मागची बोलणी पुढे यायची.

घडीच्या चाकूच्या मुठीत, पाठीकडून, पोलादाची एक चपटी पट्टी बसवलेली असते. ती स्प्रिंग. ती पात्याच्या बुडावर सतत दाबून असते. नखाने पातं उचललं की स्प्रिंग ताणली जाते, आणि पातं पुरतं सरळ झालं की ती आपल्या जागी आदळते. खट्! उस्तादांचा सगळा जीव या खट्‌मध्ये अडकलेला.

"खटका बोलला पाहिजे," ते सांगत. "मुका चाकू काय करायचाय?"

पूर्वी गिऱ्हाईक आलं की त्याच्या हातात चाकू देण्याआधी ते त्याच्या कानाशी नेऊन उघडत. गिऱ्हाईक दचकलं की उस्ताद प्रसन्न. धार कशी आहे, हे त्या बिचाऱ्याला घरी गेल्यावर कळायचं.

आता, जन्मभर ज्याने ऐरणीवरचे घाव आणि चाकाची किंचाळी उघड्या कानांनी झेलली, त्याच्या कानांचं काय होणार? शेजारच्या घड्याळवाल्याने एकदा भीत भीत सुचवलं होतं की काम करताना कानात कापूस घालत जा. "कापूस उशीत घालतात," असं म्हणून उस्तादांनी त्याला वाटेला लावलं. पण अशा कानांची एक गंमत असते. ते एकदम जात नाहीत. आधी बारीक, टोकदार आवाज जातात, जाडेभरडे राहतात. त्यामुळे बायकोची हाक उस्तादांना व्यवस्थित ऐकू यायची, गल्लीतली भांडणं तर शब्दन् शब्द. फक्त चाकूचा खटका तेवढा दिवसेंदिवस फिका पडत चालला.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, कान गेले. उस्ताद म्हणाले, पोलाद बिघडलं.

"हल्लीच्या पोलादात जीवच उरला नाही," त्यांनी जाहीर केलं आणि स्प्रिंगची पट्टी जरा जाड ठेवली. पट्टी जाड, म्हणजे दाब जास्त, म्हणजे खटका मोठा. तो ऐकू आला, उस्तादांचं समाधान झालं. काही महिन्यांनी पोलाद पुन्हा बिघडलं, पट्टी आणखी जाड झाली. असं करत करत पाळी इथवर आली की त्यांनी वाईसजवळ चाकू उघडला, की भिंतीपलीकडे घड्याळवाल्याच्या चिमट्यातला स्क्रू उडायचा. स्क्रू शोधत तो जमिनीवर रांगायचा आणि उस्ताद इकडे मान डोलवायचे: "हं, आता बरा वाजतोय."

असे चाकू लोक विकत कसे घेत होते? घेत नव्हतेच. लोक जे घेत होते ते बायकोने दुरुस्त केलेले चाकू होते, आणि ही गोष्ट फक्त तिलाच ठाऊक होती.

कामाची वाटणी अशी होती. उस्ताद चाकू तात्पुरत्या खिळ्यांवर जुळवत, खटका ऐकून पास करत आणि बायकोपुढे ठेवत. ती ते खिळे काढून सगळा चाकू सुटा करी, पॉलिश करी, मुठीच्या लाकडी पट्ट्या चढवी आणि पक्के खिळे ठोकून चाकू कायमचा बंद करी. चाकू असा सुटा झालेला असताना ती गुपचूप स्प्रिंग वाईसमध्ये धरायची आणि आतल्या बाजूने कानस मारून पातळ करायची. स्वतःच्या अंगठ्याच्या नखाने पातं सहज वर आलं की थांबायची. उस्ताद तेव्हा घड्याळवाल्याच्या दुकानात चहा पीत पोलादाच्या अधोगतीवर बोलत असायचे. झालेले चाकू गिऱ्हाइकाला आता तीच देई, आणि ते पुन्हा उघडून बघणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. आपण पास केलेल्यावर आपणच शंका घ्यायची म्हणजे काय!

गिऱ्हाईक तरी असं किती होतं? खिशातला चाकू लोक आता यंत्राचा घेत. गावाबाहेरची एक नर्सरी तेवढी टिकून होती. तिथे गुलाबाचे डोळे भरायला, म्हणजे एका झाडाचा कोंब दुसऱ्याच्या सालीत बसवायला, उस्तादांचे चाकू लागत. त्या कामावर भट्टी पेटत होती. ते काम गेलं असतं तर पुढच्या खोलीला भाडेकरू शोधावा लागला असता. बायकोला हे उठता बसता आठवे. उस्तादांना वाटे की चाकू मिळाले नाहीत तर नर्सरी बंद पडेल.

आणि नेमकी तेव्हाच बायकोची आई न्हाणीत घसरून पडली.

"मी आईकडे जाऊन येते," बायको पिशवी भरत म्हणाली. "तोवर नर्सरीचे चाकू देऊ नका. पक्के खिळे मी आल्यावर ठोकीन."

"का? मला खिळा ठोकता येत नाही? तुला कुणी शिकवलं ठोकायला?"

"तुम्हीच हो. पण थांबा जरा."

"बरं बरं."

उस्तादांच्या 'बरं बरं'चा अर्थ 'अजिबात नाही' असा असतो, हे तिला माहीत होतं. पण आईचा पाय मोडला होता, तिथे शब्दांचे अर्थ काढत कोण बसणार? ती गेली. उस्तादांनी सगळ्या चाकूंना स्वतःच्या हाताने पक्के खिळे ठोकले, नर्सरीत नेऊन दिले, आणि निघताना मुख्य माळ्याच्या कानाशी एक उघडून दाखवला. माळी दचकला. उस्ताद शीळ घालत घरी आले.

आठवडा पुरा व्हायच्या आत माळी दारात उभा. अंगठ्याला पट्टी, हातात चाकूंची पिशवी.

"उस्ताद, हे काय दिलंत?"

"चाकू."

"चाकू की उंदराचे सापळे? आमच्या एका बाईचं नख मुळापासून उलटलं. दुसरी दर वेळी पकड घेऊन उघडतीये."

"पकड?" उस्तादांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या चाकूला पकड लावली? तिला म्हणावं आधी नखं वाढव. हल्ली लोकांची नखंच मऊ झालीत."

"नखं मऊ, पोलाद मऊ, सगळं जग मऊ. तुम्ही तेवढे कडक!"

"ते असू दे. खटका ऐकलात ना?"

"खटका काय गुलाबाला ऐकवू?" माळ्याने पिशवी ऐरणीवर आदळली. "एका हातात फांदी, सालीत चीर दिलेली, काढलेला डोळा सुकत चाललाय, आणि आम्ही चाकूशी कुस्ती खेळतोय! एका नखाने उघडला पाहिजे, बस. सोमवारी येतो. जमलं तर ठीक, नाहीतर यंत्राचे घेतो. ते बोलत नसतील, पण उघडतात."

रविवारी सकाळी बायको परत आली. आईचा पाय प्लॅस्टरमध्ये आणि नवरा जागच्या जागी, हे बघून तिला बरं वाटतंय तोच तिची नजर पिशवीवर गेली. तिने एक चाकू काढला, नख लावलं, जोर केला. पातं हललंसुद्धा नाही.

"दिलेत ना शेवटी?" ती म्हणाली. "न घासता?"

"काय घासायचं त्यात? मी पास केलेले आहेत."

"तुम्ही पास केलेली प्रत्येक स्प्रिंग मी घासते. वर्ष झालं."

उस्ताद उठून उभे राहिले. "माझ्या स्प्रिंगला कानस लावलीस?"

"लावली."

"आणि इतक्या दिवसांत एकही गिऱ्हाईक बोललं नाही?"

"लावली म्हणूनच नाही बोललं."

"अगं, खटका मारलास तू त्यांचा! मुके करून टाकलेस!"

"मुके नाहीत हो ते," बायको जरा खालच्या आवाजात म्हणाली. "तुम्हाला ऐकू येत नाही."

यावर उस्ताद इतक्या मोठ्याने हसले की घड्याळवाला काय झालं ते बघायला आला. बायकोने त्याला आत घेतलं. उस्तादांनी मागच्या वर्षी त्याला दिलेला चाकू तो घड्याळांची झाकणं उघडायला वापरायचा. तो तिने मागून घेतला.

"याचा खटका कसा आहे, भाऊ?"

"छान आहे की. टक् करून वाजतो."

"अहो, तुम्ही भिंतीकडे तोंड करून उभे राहा. हा उघडला की हात वर करायचा."

"पोरखेळ आहे नुसता," उस्ताद म्हणाले, पण उभे राहिले. छाती पुढे, मान ताठ, समोर स्वतःच्याच भट्टीने काळी केलेली भिंत. बायकोने त्यांच्या पाठीमागे चाकू उघडला. मिटला. पुन्हा उघडला. घड्याळवाल्याने चुळबुळ करत खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली.

"अगं, कर ना सुरू," उस्ताद खेकसले. "भिंतीला माझं तोंड पाठ झालं."

उस्ताद वळले. बायकोच्या हातात उघडा चाकू होता.

"मिट आणि पुन्हा उघड," ते म्हणाले.

तिने त्यांच्या डोळ्यांसमोर उघडला. पातं उठलं, सरळ झालं, जागेवर बसलं. बसल्याचं त्यांना दिसलं. घड्याळवाल्याची पापणी आवाजाने लवली, तीही दिसली. बाकी काहीच नाही. कुणीतरी काचेपलीकडे चाकू उघडावा तसं.

उस्तादांनी तो स्वतःच्या हातात घेतला, कानाशी नेला, उघडला. दुसऱ्या कानाशी नेला.

"या खोलीच्या भिंती आवाज खातात," ते अखेर म्हणाले.

"एक भिंत माझीही आहे, उस्ताद," घड्याळवाला म्हणाला. "तुमच्या नव्या चाकूंनी माझे किती स्क्रू खाल्लेत, त्याला गणती नाही." एवढं बोलून तो शहाण्यासारखा निघून गेला.

बायकोने पदर खोचला. पक्के खिळे ठोकलेला चाकू उघडायचा म्हणजे खिळ्यांची डोकी चाकावर घासून उडवायची, चाकू सुटा करायचा, स्प्रिंग पातळ करायची, परत बंद करायचा. पिशवीभर चाकू आणि हातात एक दिवस. एकटीचं काम नव्हतं. उस्ताद सवयीने वाईसपुढच्या आपल्या स्टुलावर जाऊन बसले आणि कानस उचलली.

"तिथे मी बसते," बायको म्हणाली. "तुम्ही चाकावर डोकी उडवा."

"स्प्रिंग माझं काम आहे."

"स्प्रिंग कानाचं काम आहे, असं तुम्हीच सांगता ना जगाला? नर्सरी हवी की स्टूल?"

"दोन्ही."

"दोन्ही नाही मिळायचं."

उस्तादांनी पिशवीकडे बघितलं, वाईसकडे बघितलं. वाईसच्या दांड्याला त्यांच्या तळव्याने चकाकी आणली होती. पुढच्या खोलीत कुणाचं तरी झेरॉक्सचं दुकान आणि मागच्या खोलीत उस्ताद नुसतेच बसलेले, हे चित्र बहुधा त्यांना पहिल्यांदाच दिसलं असावं. ते उठले. उठताना स्टूल मुद्दाम पायाने लोटलं, पण लोटलं ते बायकोच्या बाजूला.

दिवसभर चाक किंचाळत होतं. कान गेलेल्या माणसाला त्याच्याइतकं सोयीचं काम दुसरं नाही.

सोमवारी माळी आला तेव्हा बायको वाईसपाशी शेवटच्या चाकूला कानस लावत होती आणि उस्ताद, हात पाठीशी बांधून, मालकासारखे उभे होते. माळ्याने एक चाकू उचलला. पट्टी बांधलेल्या अंगठ्यानेच पातं उचललं. आलं. मिटला, दुसरा घेतला. तोही आला.

"आता कसं!" माळी म्हणाला. "हे कुणी केलं?"

"त्याचं असं आहे," उस्तादांनी घसा साफ केला, "स्प्रिंगसारखी किरकोळ कामं मी आता हिच्याकडे सोपवली. मला पात्याकडे लक्ष द्यायचंय. चाकू म्हणजे शेवटी पातं."

माळ्याने वहिनींकडे बघितलं. वहिनी कानशीकडे बघत होत्या. त्याने चाकू पिशवीत भरले.

"ठीक आहे. पण पुढच्या खेपेला काही सांगायचं झालं, तर बोलायचं कुणाशी?"

उस्तादांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

"माझ्याशी," बायको मान वर न करता म्हणाली. "मला हळू बोललेलंही ऐकू येतं."

उस्तादांनी हे ऐकलंच नाही असं दाखवलं. तेवढी एक सोय आता त्यांना झाली होती.