पाइपातली काळी पूड

माझ्या वडिलांना, आबांना, गोबरगॅसचं भारी कौतुक. धुळ्याजवळच्या आमच्या गावात तो सगळ्यांत आधी आमच्याकडे आला, आणि आबा पाहुण्यांना चहाआधी शेगडी दाखवत. मी तेव्हा कॉलेजात जात होते. मायचं एकच म्हणणं, भरीत पऱ्हाट्यांच्या जाळावरच. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या अंगणात पेटवून ती त्यांवर वांगी भाजायची. आबा धुसफुसत, पण भरीत दोनदा मागून घेत.

गॅस मंद झाला की ते लोखंडी पाइप सोडवून काठीने ठोकत. आतून काळी, ओली, घाण वासाची पूड निघे. काही टाकून देणं त्यांना जमायचंच नाही. लिंबाला खत होईल म्हणून एकदा त्यांनी ती गोणपाटावर पसरली आणि गोणपाट वाळायला टाकलं ते थेट पऱ्हाट्यांच्या गंजीवर!

भर दुपारी गंजी पेटली. गल्ली बादल्या घेऊन धावली. आग विझली, आबांचा पारा काही उतरेना. सगळ्यांसमोर ते मायवर ओरडले, "तुन्हं भरीत एक दिन घर जाळी टाकी!"

"मी आज काडीच लायेल नही," माय म्हणाली.

कोणी ऐकलं नाही. बायका तिला येताजाता चिडवत. तिने अंगणात जाळ करणंच सोडलं.

उन्हाळ्यात पाइप पुन्हा साफ केले. या वेळी गोणपाट दगडी ओट्यावर होतं. आबांच्या डोळ्यांदेखत पूड आपोआप तापून लाल झाली आणि गोणपाट धुमसू लागलं. गॅसच्या मिस्तरीने नंतर सांगितलं, गोबरगॅसमध्ये घाण वासाचा एक वायू असतो, त्याने लोखंडाची अशी पूड होते. ओली असेपर्यंत गप्प, वाळून हवा लागली की पेटते. मोठ्या गॅसच्या पाइपलाइनींतूनही म्हणे ती भिजवूनच काढतात.

आबा सरळ माणूस. त्यांनी तीच गल्ली गोळा केली आणि म्हणाले, "मन्ही चूक शे, हिन्ही नही." मला त्यांचा इतका अभिमान वाटला की रडू आलं.

माय शांतपणे म्हणाली, "पूड पेटनी म्हनीसन तुम्हले पटनं. ती नही पेटती तं?"

मी मान वरच केली नाही. गंजी पेटली त्या दिवशी मी सकाळपासून अंगणातच होते. मायने जाळ केला नाही हे मला ठाऊक होतं, आणि आबांच्या रागाला भिऊन मी गप्प बसले होते.