आईने डिक्लेअर केलेली चिठ्ठी

आईचा व्हिजिटर व्हिसा असा, की दर तीन महिन्यांनी ऑस्ट्रेलियाबाहेर जायचं आणि परत यायचं. बाबा गेल्यापासून ती मेलबर्नजवळ टार्निटला माझ्याकडेच असते, पण कागदोपत्री पर्यटक. त्यामुळे फिरायची काडीची हौस नसलेली माझी आई आधी बाली आणि मग जपान बघून आली. परतीच्या विमानात मी तिच्याकडून घोकून घ्यायचे, कोणीही विचारलं तरी 'व्हिजिट, ओन्ली व्हिजिट' म्हणायचं. ती इथे राहते हे चुकून जरी निघालं, तर पुढच्या खेपेला तिला आत घेणार नाहीत, अशी मला धास्ती असायची. आई मात्र विमानातलं लोणी पर्समध्ये टाकत असायची.

जपानमध्ये आम्ही एका शिंतो देवळात गेलो. दारातच ओगराळ्याने हात धुवायची सोय बघून आई खूश झाली. प्रदक्षिणा घालायला निघाली तर मागे कुंपण. मग तिने देवासमोरच स्वतःभोवती तीन गिरक्या घेतल्या. मागच्या दोन गोऱ्या पर्यटक बायकांनीही, इथली रीतच असेल असं समजून, तशाच घेतल्या.

तिथे डबा हलवून नशिबाची चिठ्ठी काढतात. आईची निघाली, आणि मागे इंग्रजीत छापलेलं होतं, महाअशुभ. आजार बरा होणार नाही, हरवलेलं सापडणार नाही, प्रवास टाळा. तिथल्या मुलीने घाईघाईने खुणेने सांगितलं, वाईट चिठ्ठी इथेच तारेला बांधून जायचं, घरी न्यायची नाही. आईने हसून मान डोलावली आणि चिठ्ठी घडी करून पर्समध्ये घातली. देवाने हातात दिलेलं देवळात टाकून येतात का, म्हणे. मी चिडले, समजावलं, हात टेकले.

मेलबर्नला इमिग्रेशनमधून सुटलो. मी हुश्श करतेय तोवर कळलं, की आईने सामान जाहीर करायच्या कस्टम्सच्या कार्डावर लाकूड आणि झाडपाल्यापुढे 'येस' अशी खूण केलीये. चिठ्ठीचा कागद झाडाचाच ना! मागे एकदा तिचं लोणचं जप्त झालं होतं, तेव्हापासून ती फार कायद्याने वागते.

ऑफिसरने चिठ्ठी हातमोज्याने उचलली आणि हे काय म्हणून विचारलं. बॅड लक, मी म्हटलं. त्याने ती उलटी करून वाचली. बॅड लकला बंदी नाही म्हणाला, नो वरीज, पण तुझ्या आईने ते तिथेच का नाही सोडलं? मी आईला मराठीत विचारलं. आता तरी सांग बाई, का नाही सोडलंस?

आई त्या ऑफिसरकडे बघूनच मराठीत म्हणाली, "वाईट नशीब निघालं म्हणून काय तिथेच सोडून यायचं? मग हिने मला तरी का आणलं?"

ऑफिसर माझ्याकडे बघत होता. काय म्हणाल्या त्या?

"शी लिव्ह्ज विथ अस," मी म्हटलं.

आईने मला कोपराने ढोसलं.

"व्हिजिट," ती त्याला म्हणाली. "ओन्ली व्हिजिट."