दिवाळीच्या तोंडावर केलेलं वजन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही – आणि यात तिचा नकळत थोडासा हातही आहे.

मी पुण्याहून इंदूरला आलो तो कचऱ्यापासून वीज करणाऱ्या प्लांटच्या कामावर. प्लांट केवढा हवा, ते मी ठरवायचं. जाळण्याजोगा सुका कचरा शहरातून रोज किती निघतो ते मोजायचं, आणि तेवढा बॉयलर. सोपं वाटतं ना? पण मोजायचं कधी? मला दिवाळीला पुण्याला घरी जायचं होतं, म्हणून आदल्या आठवड्यातच उरकून टाकलं. दिवाळीच्या तोंडावर घरोघरी आवराआवर असते, अडगळ बाहेर पडते – हे मला ठाऊक नव्हतं? अहो, काट्यावरच्या ढिगात आमचीच जुनी गादी होती! निळ्या फुलांची. बायकोनं सकाळीच कचऱ्याच्या गाडीत दिलेली. मी हसलो, आणि वजन लिहून घेतलं. अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात – मी तर शहराचं अंथरूण आमच्या गादीसकट मोजलं.

हा हलगर्जीपणा की खोटेपणा? मला अजून कळत नाही. पुढचं मात्र कळतं.

प्लांट उभा राहिला आणि उपाशी राहू लागला. एवढा मोठा बॉयलर अर्ध्या पोटी नीट चालत नाही. मीटिंगमध्ये विचारलं गेलं, कचरा जातो कुठे? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो – सॉर्टिंग शेडमधल्या बायका फार काढून घेतात. पुठ्ठा, प्लास्टिक वेचून त्या विकायच्या, त्यावर त्यांची घरं चालायची. का बोललो मी असं? घाबरलो होतो. त्यांच्यावर खापर फोडलं. शेड बंद झाली.

ती शेड रेखाताई चालवायच्या. इथल्याच, इंदुरी मराठी बोलणाऱ्या. यंदा इंदूरच्या लालबागेतल्या मेळ्यात लोणच्याच्या स्टॉलवर दिसल्या. मी वळणारच होतो – त्यांनीच हाक मारली. माझ्या बायकोला म्हणाल्या, "वहिनी, सरांनी तर बहुत कोशिश केली आमची शेड वाचवायची. वो तो आमचंच नसीब."

कुणी सांगितलं त्यांना हे? की त्याच तसं धरून चालल्या होत्या? आणि मी मान हलवली. हो म्हणून.

त्यांनी कैरीच्या लोणच्याची बरणी दिली, पैसे घेतले नाहीत. छान मुरलंय म्हणत बायको रोज पानात वाढायची. मी खायचो. परवा ते संपलं.