एमआरआयच्या चित्रावरच्या रेघा

ती घटना आठवली की आजही दाराला टेकण्याआधी मी माझा हात कुठे पडतोय ते पाहून घेतो.

पनवेलच्या एका पोलीस ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. दसरा नुकताच झाला होता. एका खासगी रुग्णालयाचे मालक डॉक्टर तक्रार अर्ज घेऊन आले. त्यांच्या एमआरआयच्या चित्रांवर सणापासून आडव्या रेघा उमटत होत्या. "समोरच्या स्कॅन सेंटरवाल्याने जॅमर लावलाय," ते ठासून म्हणाले. कंपनीचा इंजिनिअर यायला अवकाश होता.

त्यांच्यामागे जवळच्या नेरे गावचा एक जमीनदार उभा होता. त्याच्या बायकोच्या मेंदूत गाठ होती. रेघांमुळे गाठीची कड दिसेना, आणि कड दिसल्याशिवाय सर्जन हात लावेनात. तिला सारख्या फिट येत होत्या, त्यामुळे दुसरीकडे हलवणं धोक्याचं होतं.

"सायेब, चोराला मंग पकडा," तो म्हणाला. "आदी त्या रेघा काडा."

दुपारी खबऱ्याचा फोन आला. रुग्णालयासमोरच्या गच्चीवर भली मोठी अँटेना आहे आणि एक म्हातारी तिथून परदेशात बोलते! दोन हवालदार घेऊन मी रुबाबात जिना चढलो. दार उघडलं ते एका निवृत्त मुख्याध्यापिकेने. भिंतीवर हौशी रेडिओ केंद्र चालवण्याचा सरकारी परवाना लटकत होता.

"कोणाशी बोलता?" मी आवाज चढवला.

"काल ब्राझीलच्या एका दंतवैद्याशी बोलले. तिकडे पाऊस होता. जबाबात पाऊस घेणार का?"

एक हवालदार उगाच खोकला.

"सेट बंद करा, बाई."

"वायरच काढते आणि तुमच्याबरोबर रुग्णालयात येते. रेघा गेल्या तर बेड्या घाला. नाही गेल्या तर चहाला या, बूट बाहेर काढून."

रेघा गेल्या नाहीत.

बाईंनी मग मला समजावलं. आपल्या शरीरातल्या पाण्याकडून रेडिओची अगदी क्षीण कुजबुज येते आणि हे यंत्र ती ऐकतं. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून खोलीला, अगदी दारालाही, तांब्याचं अस्तर असतं. मी थक्क झालो. लोकांना बोलतं करण्यात माझी सगळी नोकरी खर्ची पडली, आणि इथे माणूस गप्प पडून असतो नि त्याचं पाणी जबाब देतं!

यंत्रात पाण्याची बाटली ठेवून चाचणी सुरू झाली. मी बंद दाराच्या चौकटीवर हात टेकून ऐटीत उभा राहिलो.

"कोणी काय केलं?" पडद्यासमोरून तंत्रज्ञ ओरडला. "रेघा जाड झाल्या!"

दचकून मी हात काढला. रेघा बारीक झाल्या. पुन्हा ठेवला. पुन्हा जाड!

"जॅमर सापडला," बाई म्हणाल्या. "वर्दीतच आहे."

माझ्या तळव्याखाली एका बारीक तारेचं टोक होतं. तार दाराच्या फटीतून आत गेली होती, आणि तिच्यावर झेंडूचं एक सुकलेलं फूल अडकलं होतं.

"तोरण कोणी बांधलं?"

तंत्रज्ञाचा चेहरा उतरला. "मीच, साहेब. खंडेनवमीला मशीनची पूजा केली. आत चुंबक असतं, लोखंड चालत नाही, म्हणून मुद्दाम मोटर वाइंडिंगची तांब्याची तार आणली. फुलं काढली, तार राहिली."

"म्हणजे अख्खं पनवेल तुझ्या तोरणावरून आत शिरत होतं," बाई म्हणाल्या. "बाहेरून आत गेलेली तार म्हणजे अँटेनाच. साहेबांचा हात लागला की ती आणखी मोठी."

तार ओढून काढली. बाटलीचं चित्र लख्ख आलं. गुन्हा नाही, आरोपी नाही. अर्ज निकाली काढला.

यात फायदा कोणाचा, हे विचारण्यात माझी उमेदीची वर्षं गेली होती. त्या दिवसापासून मी आधी विचारू लागलो, इथे नवीन काय लावलंय? वाईट हेतू शोधणाऱ्याला भक्तिभावाने बांधलेली तार दिसत नाही.

मग नेऱ्याच्या वहिनींना आत नेलं आणि दार लागलं. माझ्या नुसत्या तळव्याने बिघडणारी ती कुजबुज ऐकत यंत्र चित्र रेखू लागलं. गाठीची कड उमटली, चंद्रकोरीसारखी स्वच्छ. सर्जनने वाकून पाहिलं. "उद्या सकाळी घेऊ," ते म्हणाले.

नवऱ्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे पाहिलं. "सायेब, आता तरी हात काडा खिशातून."

"आधी वहिनींना बाहेर येऊ दे," मी म्हणालो.